निविदेचे गद्य : तारापूरची अणुभट्टी आणि सरकार नावाचे गिऱ्हाईक

तारापूर हे नाव मराठी वाचकाला दोन निरनिराळ्या प्रकरणांतून ठाऊक असते. इतिहास वाचणाऱ्याला ते वसईच्या मोहिमेतून माहीत असते. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांचा येथील कोट घेतला आणि त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ते अणुवीज केंद्रामुळे माहीत असते. आम्हाला या लेखात तिसऱ्याच एका तारापूरविषयी लिहायचे आहे. ते निविदांच्या कागदांवर, कंत्राटांच्या अटींत आणि दरपत्रकांत आढळते. साहित्यविचाराच्या पानावर निविदेची चर्चा कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो रास्तही आहे. आमचे उत्तर असे की, निविदा हाही गद्याचाच एक प्रकार आहे आणि त्याच्या वाटेला आपण उगीच जात नाही. जी वस्तू अजून कोणी बनवलेली नाही तिचे इतके काटेकोर वर्णन करायचे, की ते वाचून कुणा अनोळखी माणसाला ती बनवता यावी, हे काम कादंबरीकारालाही सहज जमणारे नाही. तारापूरच्या पहिल्या कंत्राटापासून चौथ्या अणुभट्टीपर्यंतच्या चाळीस वर्षांत आपले सरकार हे गद्य लिहायला कसे शिकले, आणि त्यामुळे खाजगी कारखान्यांत काय घडले, हा आमचा विषय.

सरकार हे देशातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक असते. उद्योगांना उत्तेजन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अनुदान, करमाफी, स्वस्त भूखंड येतात. पण 'आम्हाला अमुक गुणाची वस्तू हवी आहे, ती बनवा, आम्ही घेऊ' एवढे एकच वाक्य एखाद्या बड्या ग्राहकाने उच्चारले तर कारखानदार जे धाडस करतो ते अनुदानाने करत नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या आरंभी इंटिग्रेटेड सर्किट ही नवी चीज इतकी महाग होती, की बाजारात तिला कोणी विचारीत नव्हते. मिनटमन क्षेपणास्त्रासाठी हवाईदलाने आणि अपोलो यानातील संगणकासाठी 'नासा'ने ती घेतली; पहिली एक-दोन वर्षे जवळजवळ सारे उत्पादन सरकारच विकत घेत होते. त्या खरेदीतून कारखान्यांचा हात बसला, किंमत उतरली, आणि मग ती वस्तू सामान्य माणसाच्या घरात आली.

आपल्याकडे या विचाराची परंपरा नाही असे मात्र कोणी समजू नये. सरकारी खरेदी विलायतेत होते, ही तक्रार एकोणिसाव्या शतकातल्या स्वदेशीच्या विचारवंतांची नित्याची तक्रार होती. रेल्वेचे रूळ, पुलांचे गर्डर, दप्तरातले सामान यांची मागणी लंडनच्या इंडिया ऑफिसमार्फत नोंदवली जाई. इथल्या कारखानदाराला त्या दारात उभे राहण्याची सोयच नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांचे अर्थशास्त्रविषयक निबंध १८९८ साली पुस्तकरूपाने आले. त्यांत लोखंडाच्या धंद्यावर स्वतंत्र निबंध आहे आणि सरकारने अशा धंद्यांत पुढाकार घ्यावा हे त्याचे प्रतिपादन आहे. पुढे टाटांचा पोलादाचा कारखाना उभा राहिला त्यामागे भांडवलाइतकेच एका सरकारी आश्वासनाचे बळ होते: रेल्वेसाठी दरवर्षी वीस हजार टन रूळ, दहा वर्षे, आयात मालाच्या भावाने घेऊ. भारतातल्या भारतात खरेदी करणारे इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन व्हायला मात्र १९२२ साल उजाडले.

आणखी मागे जायचे तर रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तले आरमाराचे प्रकरण आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ते मराठी राजनीतीचे गद्य म्हणून अभ्यासलेले असते. आम्ही ते एकदा खरेदीचे नियम म्हणून वाचून पाहिले. गलबतांना लाकूड लागते. ते राज्यात असेल तेथून परवानगीने आणावे, कमी पडेल ते बाहेरून विकत घ्यावे. आंबा-फणसाचे लाकूडही उपयोगाचे असते, पण त्या झाडांना हात लावू नये. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, मगच तोडावे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा मजकूर आहे. सरकारने काय घ्यावे एवढ्यावरच तो थांबत नाही. कोणाकडून घ्यावे आणि घेताना कोणाला दुखवू नये याचाही विचार करतो. हा धागा पुढे पुन्हा लागणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

आता तारापूर. डॉ. होमी भाभांनी पहिल्या अणुवीज केंद्रासाठी ही जागा निवडली ती मुंबईजवळची आणि गुजरातलाही सोयीची म्हणून. शिवाय थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी होतेच. जागतिक निविदा मागवल्या गेल्या. ऑगस्ट १९६३ मध्ये भारत-अमेरिका करार झाला, आणि १९६४ च्या मे महिन्यात इंटरनॅशनल जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी कंत्राट झाले. २१० मेगावॉटचे दोन संच, उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या, आणि सारे काही 'टर्न-की': कंपनीने केंद्र बांधून किल्ली हाती द्यायची, आपण कुलूप उघडायचे. बांधणीचे काम बेक्टेल या अमेरिकी कंपनीने केले. ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्र व्यापारी तत्त्वावर चालू झाले आणि जानेवारी १९७० मध्ये इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले. ते पाहायला भाभा हयात नव्हते.

या व्यवहारातली खरी गंमत पैशाच्या वाटेत आहे. केंद्रासाठी अमेरिकेच्या यू. एस. एड या संस्थेने सुमारे ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले, आणि ते अमेरिकी माल व सेवा यांवर खर्च व्हायचे होते. जनरल इलेक्ट्रिकच्या या जातीच्या अणुभट्ट्यांना तेव्हा फार वर्षे झालेली नव्हती. शिकागोजवळचा ड्रेस्डेनचा पहिला संच १९६० चा. म्हणजे भारत सरकारच्या खरेदीने एका खाजगी कंपनीच्या नव्या विद्येला बळ दिले हे खरेच आहे. फक्त ती कंपनी अमेरिकेची होती. खरेदीतून जे शिक्षण मिळते ते विकणाऱ्याला मिळते. ज्याने वस्तू बनवली तो चुकला, सुधारला, शहाणा झाला. ज्याने घेतली त्याला चालवण्याचा अनुभव मिळाला. हा अनुभव कमी मोलाचा होता असे आम्ही म्हणत नाही. तारापूरच्या अभियंत्यांनी पुढे सुटे भाग आणि दुरुस्त्या यांत जी कल्पकता दाखवली ती नाइलाजाची असली तरी अस्सल होती. पण किल्ली हाती घेणे आणि कुलूप बनवणे यांत जे अंतर असते ते तारापूरच्या पहिल्या दोन संचांनी कमी केले नाही.

त्या अंतराचे मोल १९७४ नंतर कळले. १८ मे १९७४ रोजी पोखरणला अणुस्फोट झाला. तारापूरचे इंधन, म्हणजे समृद्ध युरेनियम, करारान्वये अमेरिकेकडूनच यायचे होते. १९७८ साली अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला आणि पुरवठ्याचा घसा आवळत गेला. १९८२ मध्ये फ्रान्सने ती जबाबदारी घेईपर्यंत वाटाघाटींचे गुऱ्हाळ चालू राहिले. एकाच दुकानाशी बांधून घेतलेल्या गिऱ्हाइकाची जी अवस्था होते तीच ही.

पण दरम्यान दुसरीकडे दुसरेच गद्य लिहिले जात होते. राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाच्या सहकार्याने नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी वापरणाऱ्या अणुभट्ट्या उभ्या राहत होत्या. इथे किल्ली हाती घेण्याचा सौदा नव्हता. आराखडे मिळत होते, आणि पहिल्या संचापेक्षा दुसऱ्यात देशी सामान अधिक असावे असा बेत होता. १९६७ साली अणुऊर्जा खात्याने वीज प्रकल्पांच्या अभियांत्रिकीसाठी स्वतंत्र विभाग काढला. मद्रासजवळ कल्पाक्कमचे केंद्र परकीय भागीदाराशिवाय बांधायचे ठरले. पोखरणनंतर कॅनडाने हात काढून घेतला तेव्हा रावतभाट्याचा दुसरा संच अर्धवट होता. तो १९८१ मध्ये व्यापारी तत्त्वावर चालू झाला, कल्पाक्कमचा पहिला १९८३ च्या जुलैत क्रांतिक झाला. ही वर्षे उशिराची आहेत, आणि त्यांवर टीकाही पुष्कळ झाली. पण या उशिराच्या पोटात काय घडत होते तिकडे पाहिले पाहिजे.

कॅलँड्रिया म्हणजे या अणुभट्टीचे हृदय. आडवे ठेवलेले स्टेनलेस पोलादाचे प्रचंड पिंप. २२० मेगावॉटच्या संचात त्यातून ३०६ नळ्या आरपार जातात, ५४० मेगावॉटच्या संचात ३९२. प्रत्येक नळीत इंधन, भोवती जड पाणी. पिंपाच्या दोन्ही टोकांना एन्ड-शील्ड नावाच्या जाड ढाली. एका ढालीतले प्रत्येक छिद्र समोरच्या ढालीतल्या आपल्या जोडीदाराशी तंतोतंत जुळले पाहिजे. जोडाच्या शिवणीतून हेलियमसारखा हलका वायूदेखील निसटता कामा नये, कारण भट्टी एकदा पेटली की आत जाऊन डाग लावण्याची सोय नाही. साठीच्या दशकात असे काम केलेला एकही कारखाना देशात नव्हता. खात्याचे अभियंते ज्यांच्या दारी गेले त्यांत दोन नावे महाराष्ट्रातली होती. एक पवईचे लार्सन अँड टुब्रो. दोघा डॅनिश अभियंत्यांनी १९३८ साली मुंबईत मांडलेला संसार. दुसरे इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर.

वालचंदनगरपाशी थोडे थांबू. वालचंद हिराचंद हा सोलापूरचा माणूस. त्यांच्या उद्योगाचा आरंभच मुळी लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत घेतलेल्या रेल्वेच्या कंत्राटांतून झाला, म्हणजे सरकारी खरेदीतून. पुढे जहाजे, विमाने, मोटारी असे जे जे त्यांनी हाती घेतले त्यात सरकार कधी गिऱ्हाईक होते, कधी अडथळा, आणि बंगळूरच्या विमान कारखान्यात तर आधी गिऱ्हाईक आणि मग मालक. वालचंदनगरला १९३४ साली साखर कारखाना निघाला. त्याच्या अनुषंगाने वाढलेली कर्मशाळा साखर कारखान्यांची यंत्रे बनवू लागली. उसाच्या चरकाचे रूळ ओतणारी माणसे ती. त्यांच्या हाती सत्तरच्या दशकात अणुभट्टीच्या कॅलँड्रियाचे आणि एन्ड-शील्डचे नकाशे आले, आणि त्याच सुमारास अवकाश खात्याच्या अग्निबाणांची आवरणेही. ऊस गाळणाऱ्या यंत्रात अमुक इतकी फट चालते, इथे नाही. बदल यंत्रांचा झाला, पण त्याहून अधिक सवयींचा झाला. धूळ चालणार नाही, हातमोज्यांशिवाय पत्र्याला हात लागणार नाही, प्रत्येक जोडाची नोंद राहील, तो कोणी केला तेही लिहिलेले राहील. आम्हाला तर ही मराठी औद्योगिक इतिहासातली एक मोठी कथा वाटते, आणि तिच्यावर आपल्याकडे फारसे ललित लेखन झालेले नाही याची खंतही वाटते. साखर कारखान्यावर कादंबऱ्या आहेत. त्याच आवारात शेजारी काय घडत होते हे मात्र आपल्या कथाकारांच्या नजरेतून निसटले. अणुऊर्जा खात्याच्या गुप्ततेचा त्यात वाटा आहेच. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने बहुतेक कागद कपाटात बंद केले.

ही खरेदी चारचौघींसारखी नव्हती. एरवी सरकारी खरेदीची रीत आपल्या सर्वांना माहीत आहे: दोन लिफाफे, एकात तांत्रिक माहिती, दुसऱ्यात दर, बयाणा रक्कम भरा, ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम. दप्तराच्या बोलीत त्याला 'एल-वन' म्हणतात. पंखे आणि खुर्च्या घ्यायला ही रीत ठीक. ज्या वस्तूचा दरच कोणाला माहीत नाही ती अशी घेता येत नाही. म्हणून खात्याने 'डेव्हलपमेंट ऑर्डर' दिल्या. पहिला नग बिघडेल हे गृहीत धरले. परदेशातून आणलेले खास पोलाद स्वतः विकत घेऊन कारखान्याला दिले, म्हणजे माल फुकट गेल्याच्या भीतीने कारखानदाराने अंग चोरू नये. तपासणीसाठी आपली माणसे कारखान्यात बसवली; ती पोलिसासारखी आली आणि हळूहळू शिक्षक झाली, काही बाबतींत विद्यार्थीही. शक्य तेथे एकाच वस्तूची मागणी दोघांकडे नोंदवली. हैदराबादचा एम.टी.ए.आर. हा १९७० साली निघालेला छोटा कारखाना अशाच मागणीवर वाढला. कॅनडाने तोंड फिरवल्यावर इंधननळ्यांच्या तोंडाशी लागणारे बारीक अचूक भाग त्याने बनवून दिले. आयातीपेक्षा हा माल अनेकदा महाग पडला असणार. लेखापरीक्षकाला तो तोटा दिसतो. पण पवई-वालचंदनगरने त्या पैशात जी विद्या मिळवली ती पुढे खतकारखाने, तेलशुद्धीकरण, पाणबुड्या, अग्निबाण अशा कितीतरी ठिकाणी कामी आली. ती तारापूरच्या किंवा कल्पाक्कमच्या जमाखर्चात कशी दिसावी?

याचा अर्थ सारे गोमटे होते असा नाही. एकच गिऱ्हाईक असलेल्या धंद्याचे दुखणे मोठे असते. २००० सालापर्यंत १०,००० मेगावॉट अणुवीज असा संकल्प ऐंशीच्या दशकात सोडला गेला. त्यासाठी यंत्रसामग्रीच्या मागण्या आगाऊ नोंदवल्या गेल्या. मग पैशाची ओढाताण झाली, मागण्या थांबल्या, तयार झालेली सामग्री पडून राहिली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी हिशेब मांडला तो जळजळीत होता: पाच हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च, आणि त्या संकल्पातून प्रत्यक्ष वाढलेली वीज शून्य. कारखान्यांच्या बाजूने पाहिले तर ज्या कारागिरांचा हात पंधरा वर्षांत बसला होता त्यांना काम नव्हते. खरेदीदाराने शिकवायचे आणि मग गिऱ्हाईकपण सोडून निघून जायचे, हे शाळा काढून मधेच बंद करण्यासारखे आहे.

तारापूरला हे चक्र पुन्हा फिरले ते तिसऱ्या-चौथ्या संचांच्या वेळी. ५४० मेगावॉटचे हे देशी आराखड्याचे पहिलेच संच. मार्च २००० मध्ये चौथ्याचे पहिले काँक्रीट पडले, मार्च २००५ मध्ये तो क्रांतिक झाला. तिसरा मे २००६ मध्ये. पाच वर्षे! रावतभाट्याच्या आणि कल्पाक्कमच्या विलंबांची ज्यांना आठवण आहे त्यांना हा आकडा वाचून आश्चर्य वाटेल. वेगाचे एक कारण निविदेतच होते. पूर्वी एकेका पंपाची, एकेका नळाची वेगळी निविदा निघे. आता मोठमोठी कामे एकत्र बांधून, आराखडा ते उभारणी, एकेका कंपनीकडे सोपवली गेली. हे सोपवता आले, कारण सोपवण्यासारख्या कंपन्या तीस वर्षांच्या खरेदीने तयार झाल्या होत्या. १९६४ साली जे काम एका परदेशी कंपनीला किल्लीसकट द्यावे लागले, ते त्याच किनाऱ्यावर, त्याच समुद्राच्या पाण्यावर, देशातल्या कारखान्यांनी केले.

आता या कथेतली ती बाजू, जी आम्हाला बोईसरला उतरल्यावर प्रत्येक वेळी टोचते. या खरेदीने पवई घडली, वालचंदनगर घडले, हैदराबाद घडले. बोईसर-तारापूरला काय मिळाले? वीज केंद्राची वसाहत मिळाली, शाळा मिळाल्या, कंत्राटी मजुरी मिळाली. आणि औद्योगिक वसाहत मिळाली. पण ती या खरेदीची लेक नव्हे. ती सरकारच्या दुसऱ्या हाताचे अपत्य. १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने भूखंड, रस्ते, पाणी दिले. १९६४ पासून राज्याच्या सवलतींची योजना होती. सवलत देणारे सरकार उद्योजकाला काही विशिष्ट मागत नाही. या, काहीही बनवा, एवढेच म्हणते. येथे रसायने आली, औषधी द्रव्ये आली, कापड आले, पोलाद आले, रोजगारही आला. सांडपाण्याची रीत सुधारा, ही प्रक्रिया अशी स्वच्छ करा, मग आम्ही तुमचा माल घेऊ, असे बोलणारे गिऱ्हाईक मात्र त्या हजारभर धुराड्यांपुढे कधी उभे राहिले नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत प्रदूषणात पहिल्या क्रमांकावर आले. काही किलोमीटरच्या अंतरावर एकाच शासनसंस्थेचे दोन हात: एक हेलियमचा कण निसटू न देणारा, दुसरा नाल्यात काय वाहते ते उशिरा पाहणारा.

आणि आंबा-फणसाच्या झाडांचे काय? तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही किनाऱ्यावरची गावे उठवली गेली. पुनर्वसनाच्या ठिकाणी मच्छीमाराला समुद्र किती लांब पडतो, शेतकऱ्याला जमीन मिळते की नाही, घरे कशी आहेत, यावरून झालेला झगडा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि वर्षानुवर्षे चालला. कॅलँड्रियाच्या निविदेत प्रत्येक छिद्राचे माप लिहिलेले असते. गाव उठवण्याच्या कागदात होडी ओढून ठेवायच्या जागेचे माप कोणी लिहिले असते तर तो झगडा इतका लांबला नसता, असे आम्हाला वाटते. ज्या खात्याला शब्दांची इतकी काटेकोर किंमत कळत होती त्याला ते लिहिता आले नसते असे म्हणवत नाही.

मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७०० मेगावॉटच्या दहा देशी अणुभट्ट्या एकदम मंजूर केल्या. देशी उद्योगांना सुमारे ७०,००० कोटी रुपयांच्या मागण्या मिळतील असे तेव्हा सांगण्यात आले. एकेक संच मागवण्याऐवजी ताफाच मागवायचा, म्हणजे कारखान्यांचा हात मधेच सुटणार नाही. जुन्या चुकीवरचा हा उपाय आहे आणि आमच्या मते योग्य उपाय आहे. दहांपैकी एकही जागा महाराष्ट्रात नाही, पण त्यांची पिंपे आणि ढाली बनवणारे कारखाने येथे आहेत. प्रश्न नव्या येणाऱ्यांचा आहे. आजच्या अशा निविदांत पहिल्याच लिफाफ्यात विचारले जाते: अशाच स्वरूपाचे काम पूर्वी केल्याचा दाखला जोडा. नवउद्योगांसाठी २०१६ पासून पूर्वानुभवाची आणि उलाढालीची अट सैल केली गेली आहे, मात्र गुणवत्तेशी तडजोड न करता. आणि अणुभट्टीच्या कामात ते 'मात्र' फार जड असते. हीच अट १९७० साली काटेकोर लावली असती तर उसाचे चरक बनवणाऱ्या वालचंदनगरचा लिफाफा उघडलाच गेला नसता. बोईसरच्या वसाहतीत आजही लेथ आणि मिलिंगची लहान दुकाने आहेत. त्यांच्या दारावरून वीज केंद्राच्या बसगाड्या रोज सकाळी जातात.